मूळ मालकास परत

रेल्वेच्या जुन्या वस्तूंची ती शेड शनिवारी रिकामी करायची होती. जागा विकली गेली होती. इंजिनांच्या पितळी पाट्या, कंदील, झेंडे, तिकिटांची यंत्रं, सगळ्यांचा संसार उघड्यावर आला होता. साहेबांनी हुकूम काढला: वहीतल्या मूळ मालकांना नोटिसा धाडा. नेतील ते नेतील, उरेल ते भंगारात.

"साहेब, यातले निम्मे तर वर गेलेत," वहीबाई म्हणाली. पस्तीस वर्षं ती इथली नोंदवही सांभाळत होती, म्हणून सगळे तिला वहीबाईच म्हणत.

"फाइलला नोटीस लागते हो, माणूस लागत नाही."

मग काय, जिवंत-मेलेला असा भेदभाव न करता तिने दोनशे नोटिसा वहीतल्या पत्त्यांवर धाडून दिल्या.

सोमवारी दुपारी एक म्हातारा सिग्नलमन आला. त्याने आपली शिट्टी मागितली, सही केली आणि गेला. वही मिटताना तिला त्याच्या नावापुढे लाल शाईतला शब्द दिसला: मयत. अक्षर तिचंच, बारा वर्षांपूर्वीचं. घाबरून तिने दोन्ही सह्या ताडून पाहिल्या. सही तंतोतंत जुळत होती, आणि सही जुळली की वस्तू द्यायची, हा नियमही तिचाच.

मंगळवारी तिघे आले, बुधवारी नऊ. कोटांना कोळशाचा वास, बोलणं कामापुरतं. जिवंतांपैकी मात्र एकही फिरकला नाही. त्यांच्या घरांत जागा नव्हती म्हणे.

दोन दिवसांत वहीबाईची भीती मेली आणि आशा लागली. आशा जास्त वाईट. तिचा नवरा मालगाडीचा गार्ड होता. लग्नाला अकरा महिने झाले असताना डबे जोडताना मध्ये सापडला. सव्वीस वर्षांचा. त्याच्या जागी तिला ही नोकरी मिळाली, आणि त्याचा हातदिवा घरात बघवेना म्हणून तिने तो इथेच जमा केला होता. सगळे येतायत, मग हाच का येत नाही? मेल्यावरही उशीर करायची खोड जाऊ नये म्हणजे काय!

गुरुवारी तिने दिव्याच्या नोंदीचं पान उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्याच्या वस्तू आणून देणाऱ्या बाकीच्या विधवांनी मालकाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव घातलं होतं. ही पडली नाकासमोर चालणारी, त्यात नोकरीत नवी. दिवा कोणी दिला? मी दिला. म्हणून स्वतःचं नाव लिहून मोकळी झाली होती. दोनशेंच्या घाईत नोटीस तिच्याच नावाने निघाली होती, त्याला गेलीच नव्हती.

नाव तसंच राहिलं तर दिवा तिचा, शनिवारी घरी न्यायचा. त्याची दुसरी कुठलीच वस्तू तिच्यापाशी उरली नव्हती. नाव बदललं तर तो येणार, आणि दिवा घेऊन जाणार.

ती तासभर बसून राहिली. मग तिने त्या वहीतली पहिली खाडाखोड केली आणि त्याच्या नावाची नोटीस जुन्या क्वार्टरच्या पत्त्यावर टाकली. ते क्वार्टर कधीच पाडलं होतं.

शनिवारी तिने केस दोनदा विंचरले. साठीला टेकलेल्या बाईने असं करावं का? करावं.

तीनच्या सुमारास तो आला. टोपी तशीच तिरकी, कोटाचं दुसरं बटण तुटलेलं. उद्या लावते, असं ती म्हणाली होती ते बटण. पस्तीस वर्षं मनात घोळवलेलं सगळं बोलायच्या आधी तिने दिवा त्याच्यापुढे ठेवला. त्याने दिवा उचलला, काच वर करून वात पाहिली. मग ऑफिसातल्या वडीलधाऱ्या बाईकडे पाहावं तसं अदबीने तिच्याकडे पाहिलं.

"मावशी, सही कुठे करू?"

तिने रकान्यावर बोट ठेवलं.

"इथे," ती म्हणाली. "इथे कर, बाबा."