आईचा गिलास

यज्ञेश्वरनं बाळाला वजनकाट्याच्या तबकात ठेवलं, दुपटं सारखं करायच्या निमित्तानं हात खाली घातला आणि करंगळी तबकाच्या बुडाला टेकवली. अकराच्या उंबऱ्यावर थरथरणारा काटा शहाण्या पोरासारखा मागं आला.

“नऊ पौंड,” तो रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला. “वर एक मुंगी.”

टेबलापलीकडून रजनी सिस्टरनं चष्म्यावरून पाहिलं. “मुंगी पण लिहू का कार्डावर?”

“नको सिस्टर. भोपाळवाले विचारतील, मुंगीला दूध दिलं का?”

रांगेतल्या बायका हसल्या. बाळाच्या आजी तेवढ्या हसल्या नाहीत. अनसूयाबाई, म्हणजे गल्लीच्या माई, पदर कानामागं ओढून काट्याकडं बघत होत्या. बघता बघता त्यांच्या डाव्या डोळ्याची पापणी मिटली आणि उघडली. साठीच्या, सोवळं पाळणाऱ्या बाईनं भर रांगेत डोळा मारला. यज्ञेश्वरचा अख्खा दिवस त्यावर मजेत गेला.

बाळाची आई, चारुलता, भिंतीकडेला उभी राहून गिलास पीत होती. ती कुणाकडंच बघत नव्हती.

केंद्र म्हणजे उज्जैनच्या माधव नगरमधल्या एका गल्लीतली लांबट खोली. एक टेबल, एक वजनकाटा, एक शेगडी आणि तिच्यावर हे एवढं पातेलं. भुकटीचं दूध कालवणं, वाटणं आणि बाळं तोलणं, तिन्ही कामं यज्ञेश्वरकडे. कार्ड असलेल्या बाईला रोज सकाळी एक मोठा गिलास दूध आणि मूठभर फुटाणे. घरी न्यायचं नाही, तिथंच उभं राहून प्यायचं. घरी नेलेली भुकटी देवास गेटच्या चहात सापडते, हे सरकारला कुणीतरी सांगितलं होतं. दर बुधवारी बाळाचं वजन. बाळ अकरा पौंडांचं झालं की सरकारचं कर्तव्य संपलं, आईचा गिलास बंद.

करंगळीची युक्ती यज्ञेश्वरची. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पण वाह्यातपणा चौदाव्या वर्षाचा. गेल्याच महिन्यात त्यानं नव्या चपराशाला देवास गेटला पिटाळलं होतं, वजनकाट्यासाठी अर्धा शेर रिकामं वजन घेऊन ये म्हणून. तो बिचारा पाच दुकानं हिंडून आला आणि म्हणाला, “साहब, ताज़ा माल कल आएगा.” दुकानदारही उज्जैनचेच.

माई त्याच्याकडं आल्या त्या नोव्हेंबर संपता संपता. मध्यभारत नावाचं राज्य नुकतंच मोडलं होतं. माईंचा मुलगा विलास ज्या ऑफिसात कागदांच्या नकला उतरवायचा, ते ऑफिस कपाटांसकट ट्रकमध्ये बसून भोपाळला गेलं. मागोमाग विलास गेला. तिथं त्याला खुर्ची मिळाली, पण पगार कुठल्या राज्याच्या हिशोबानं द्यायचा ते ठरेना. तो कुणाच्या तरी व्हरांड्यात निजत होता आणि घरी पत्रं पाठवत होता. घरी माईंचे आजारी यजमान बापू, माई, चारुलता, पाच वर्षांची जयू आणि हे तान्हं.

“यज्ञेश्वरा, पोरगं भराभर चढतंय, बघता बघता अकराला टेकेल,” माई म्हणाल्या होत्या. “कार्ड गेलं तर हिच्या तोंडात काय घालू मी?”

“टेकू दे की. पुढं जाईल तर ना, माई. मी बसलोय ना इथं.”

सरकारला एका करंगळीवर तोलून धरायचं. मजा तर होतीच, वर पुण्यही. एवढी चांगली सोय यज्ञेश्वरला आजवर कुठल्याच खोडीत सापडली नव्हती. दर आठवड्याला तो बाळाला पाव पौंड बक्षीस द्यायचा, कधी तेही विसरायचा. सिस्टर म्हणायची, हळू का होईना, चढतंय.

संक्रांतीच्या आधीच्या बुधवारी थंडी फार होती. त्यानं बाळ तबकात ठेवलं, बोट लावलं आणि काटा थेट आठावर आला. जास्त दाबलं वाटून त्यानं बोट सैल केलं. काटा थोडा पुढं आला. त्यानं बोट काढूनच घेतलं.

काटा साडेनवावर उभा राहिला.

साडेनऊ हेच तो आज सांगणार होता. सकाळी येतानाच ठरवून आला होता.

“किती?” सिस्टरनं विचारलं.

“साडेनऊ.”

“आज मुंगी नाही?”

“नाही.”

माईंनी नेमानं डोळा मारला. यज्ञेश्वरनं दोन्ही हात पायजम्याला पुसले.

दुपारी केंद्र बंद झाल्यावर त्यानं भुकटीचा एक न फोडलेला डबा तबकात ठेवला. पाच पौंडांचा डबा. काटा पाचावर. वर दुसरा ठेवला. दहा. त्यानं डबे उतरवले, पुन्हा ठेवले, काट्याच्या काचेवर टिचकी मारली. काट्यात काही बिघाड नव्हता.

पुढच्या बुधवारी पौष पौर्णिमा होती. माई पहाटेच क्षिप्रेवर स्नानाला गेल्या होत्या, त्यामुळे चारुलता एकटीच आली, तीही रांग लागायच्या आधी. सिस्टर अजून यायची होती. यज्ञेश्वर पातेल्यात डावानं भुकटीच्या गुठळ्या मोडत होता.

“भाऊ, कार्ड बंद करा,” ती म्हणाली.

“कुणाचं?”

“माझं.”

“अहो वहिनी, इथं लोक कार्ड उघडायला वशिला लावतात. परवा एक बाई पोटाला उशी बांधून आली होती. उशीला आठवा लागला होता.”

ती हसायची वाट पाहत तो थांबला. ती शेगडीकडं बघत होती.

“मला घरी जेवायचं आहे,” ती म्हणाली.

त्यानं डाव ठेवला.

“सकाळी इथून गेले की माई म्हणतात, तुझं झालं ना, सरकारचं. मग सकाळचं पान मांडतच नाहीत. संध्याकाळी चार भाकऱ्या होतात. बापूंना दीड, जयूला एक, माईंना एक. मला अर्धी. म्हणतात, तू केवढा गिलास पिऊन आलीस सकाळी, तुला भूक कशी लागेल?” तिनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “कार्ड नव्हतं तेव्हा पाच व्हायच्या. कुठून तरी आणायच्याच माई. आता म्हणतात, एका माणसाची चिंता सरकारनं घेतली.”

“मी बोलतो माईंशी.”

“नका बोलू. त्या वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटतं मला इथं पोटभर मिळतं. गल्लीत सांगत फिरतात, आमची सून दुधावर आहे.” ती जराशी हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “मला अंगावरचं येईनासं झालंय. त्याला साखरपाण्याचं बोट देते.”

यज्ञेश्वरनं हात पुढं केले. बाळ रडलं नाही. त्यानं त्याला तबकात ठेवलं आणि दोन पावलं मागं होऊन उभा राहिला. नऊ. मुंगीसुद्धा नाही.

“वहिनी, ह्याला दवाखान्यात न्यायला हवं. मी सिस्टरना खरं वजन सांगतो. चिठ्ठी देतील.”

“दवाखाना त्याला ठेवून घेईल. मला कोण वाढेल?” ती म्हणाली. “मला खायला मिळालं तर त्याला मिळेल. दुसरं काही नाही झालेलं त्याला.”

“पण काट्यावर अकरा दिसल्याशिवाय सिस्टर कार्ड बंद नाही करायच्या.”

“इतके दिवस खालून बोट लावलंत,” चारुलता म्हणाली. “आज वरून लावा.”

हिला ठाऊक होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. माई डोळा मारायच्या तेव्हा ही गिलासात बघत असायची, आणि तो समजायचा, बाई लाजाळू आहे.

बायका येऊ लागल्या. कुणी विटांवर बसल्या, कुणी भिंतीला टेकल्या. “ओ पंडितजी, आज दूध मिलेगा या दर्शन ही?” मागून एकीनं विचारलं. तो गुठळ्या मोडत राहिला. सिस्टर आली, शाल काढून खुर्चीवर टाकली आणि टेबलावरचा एक कागद पुन्हा वाचत बसली. नव्या राजधानीहून विचारणा होती, केंद्रामुळे किती बालकं सुधारली ते महिनाअखेर कळवावे. सिस्टरच्या यादीत आतापर्यंत चार होती.

“चला, आणा,” ती म्हणाली.

यज्ञेश्वरनं बाळाला ठेवलं. दुपटं सारखं केलं आणि काठाशी बोट टेकवून दाबलं. काटा साडेनवावर आला. अजून दाबलं. दहा. बाळ डोळे उघडे ठेवून त्याच्याकडं बघत होतं. खालून बोट लावायला काहीच लागत नसे, नुसतं टेकवलं की पुरे. आता मनगटाचा जोर लावावा लागला. दोन पौंड म्हणजे किती, ते बोटाला कळत होतं.

“अकरा,” तो म्हणाला.

सिस्टर उठली. इतक्या महिन्यांत ती काट्यापाशी क्वचितच आली होती. तिनं तबकात पाहिलं. दुपट्याबाहेर आलेला बाळाचा पाय पाहिला, काटा पाहिला. यज्ञेश्वरनं बोट काढलं नाही.

“आठवड्यात दीड पौंड?”

“संक्रांत झाली ना, सिस्टर.”

या वेळी कुणी हसलं नाही. सिस्टरची नजर यज्ञेश्वरच्या हातावर आली, तिथं थोडी थांबली, मग टेबलावरच्या कागदाकडं गेली. ती खुर्चीत जाऊन बसली. कार्डावर अकरा लिहिलं, खाली आडवी रेघ मारली आणि शिक्का उठवला.

“सुधारलेल्यांत धरते,” ती म्हणाली. “पाच झाली.”

चारुलताचा हात सवयीनं गिलासांकडं गेला आणि मागं आला. बाळ तिच्याकडं देताना यज्ञेश्वर हळूच म्हणाला, “दर बुधवारी घेऊन या. सगळ्या गेल्यावर. नुसतं वजन करायला कार्ड लागत नाही. बोट पण लावणार नाही.”

तिनं मान हलवली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माई आल्या. एकट्याच. रांग सोडून थेट पातेल्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. सिस्टर आतल्या कपाटात काही शोधत होती.

“हे काय करून बसलास तू?” त्या दबल्या आवाजात म्हणाल्या. “एक दिवस मी नाही आले तर बोट झडलं का तुझं?”

“काटा पुढं गेला, माई. किती धरणार?”

“आता तिला काय घालू रे मी?”

“घातलं का काल?”

“न घालून सांगते कुणाला. पुरती दीड भाकरी वाढली. माझ्यासमोर बसून खाल्ली तिनं. भाकरीचा तुकडा पडला तो पण उचलून खाल्ला.” माईंची नजर पातेल्यात गेली. “इतकी भूक होती तिला. मला काय माहीत.”

यज्ञेश्वर डावानं ढवळत राहिला. काल रात्रीचं गणित त्याच्या डोक्यात आपोआप जुळत होतं. बापूंची दीड, जयूची एक, हिची दीड.

“भाकऱ्या पाच केल्यात का, माई?”

“पाचवीचं पीठ कुठून आणू?”

“मग तुम्ही?”

“माझी एकादशी.”

“पौर्णिमेला?”

“असते कधी कधी.” त्यांनी पदर नीट केला. “विलासचा पगार ठरेपर्यंत असते.”

रांगेतली पहिली बाई पुढं सरकली. यज्ञेश्वरनं तिला हातानंच थांबवलं. पातेल्यातून एक गिलास भरला आणि माईंपुढं केला. परदेशातून आलेल्या भुकटीच्या याच दुधाला माई इतके दिवस गोऱ्यांचं दूध म्हणत आल्या होत्या. कुठल्या जनावराचं, कुणाच्या हातचं, देव जाणे, म्हणून घरी गेल्यावर स्वतः आंघोळ करून मगच बापूंना शिवायच्या.

माईंनी कपाटाच्या दिशेनं एकदा पाहिलं. मग रांगेकडं पाठ केली, मान वर केली आणि गिलास ओठांना न लावता वरून धार धरली. शेवटचा थेंब पडेपर्यंत गिलास उलटा धरून ठेवला. रांगेतलं एक पोर ते टक लावून बघत होतं.

गिलास त्यांनी स्वतःच विसळला, पालथा घातला.

“उद्या पण होईल का रे एक जास्तीचा?” त्यांनी भिंतीकडं बघत विचारलं.

“होईल, माई. न व्हायला काय झालं.”

त्या गेल्या. यज्ञेश्वरनं मान उंचावून रांग मोजली. चाळीस बायका होत्या, कार्डंही चाळीस. भुकटी सिस्टर स्वतः मोजून द्यायची. त्यानं कपाटाकडं एकदा पाहिलं, बादलीतून तांब्याभर पाणी घेतलं, पातेल्यात ओतलं आणि ते दुधात दिसेनासं होईपर्यंत ढवळत राहिला.