शेवंती घेऊन हिमाचलात गेलेली जीप

मी गोटीरामची जीप बोलतेय. मखमलाबादच्या मळ्यात, शेवंतीच्या बांधाला मला उभी करून ठेवलीय. उभं राहणं मला कधीच मानवलं नाही. रस्त्यानं एखादा टेम्पो गेला तरी माझा पत्रा थरथरतो.

माझा जन्म एक्क्याण्णव सालचा. कारखान्यातून निघाले ती सुरगाण्याच्या देवरामच्या हाती पडले. देवरामला माणसं भरायचा भारी सोस. आत, टपावर, मागच्या फळीवर, जिथे पाय ठेवता येईल तिथे माणूस! द्राक्षाच्या कामाला निघालेली बायामाणसं, त्यांची गाठोडी, कोंबड्या, सगळं घेऊन मी घाट पार करायचे. रस्ता संपला म्हणून देवराम कधी थांबला नाही. ओढ्यातून, भाताच्या खाचरातून तो मला खुशाल घालायचा आणि मला त्यात मजा यायची.

पुढे त्यानं नवी गाडी घेतली आणि मला गोटीरामला विकलं. गोटीराम फुलं पिकवणारा. पहाटे फुलं भरायची, नाशिकच्या फुलबाजारात उतरवायची आणि घरी यायचं. रोज तोच रस्ता, तेच खड्डे. मी अगदी कंटाळून गेले होते.

गोटीराम आणि सरुबाईचा एकुलता मुलगा रोहित. तो शिकून हिमाचलात धरणाच्या कामावर लागला आणि तिथलीच किरण नावाची मुलगी त्यानं पसंत केली. गोटीरामनं फोन आपटला. "मला पोरगाच नाय," म्हणाला. त्यानंतर दोन वर्षं बापलेकांत बोलणं नव्हतं.

दोन हजार साली मार्गशीर्षात लग्न ठरलं. सरुबाईनं पदर खोचला. "माझ्या लेकाच्या गळ्यात आपल्याच मळ्यातल्या शेवंतीचा हार पडंल. तुम्ही नाय आले तर मी एकटी जाईन."

"एकटी? हिंदी येती का तुला?"

"तुम्हाला तरी कुठं येती?"

गोटीराम दिवसभर धुसफुसला. संध्याकाळी म्हणाला, "रेल्वेत फुलांचा पार चिखल हुईल. गाडीनं सोडतो. पण मी डायवर म्हणून येणार. दारात उतरवीन, मांडवात पाय ठेवायचा नाय."

आणि आम्ही निघालो. निम्म्या उमललेल्या शेवंतीची मोठी करंडी मागे, वर ओलं बारदान. मालेगाव, धुळं, सेंधवा इथवर पाट्यांवरची नावं ऐकलेली होती. पुढे धुकं इतकं दाटलं की माझे दिवे असून नसल्यासारखे. मला वाटायचं, थांबूच नये. गोटीरामचंही तेच. धड जेवेना, धड झोपेना. कुठं थांबलो की चहा राहायचा बाजूला, हा आधी बारदान उचलून फुलं बघायचा.

"लग्नाशी काय घेणं नाय ना तुम्हाला?" सरुबाई चिमटा काढायची.

"फुलांशी हाय," तो म्हणायचा.

डोंगर लागले. थंडी अशी की माझ्या नळीतलं डिझेल दाटलं. ट्रकवाल्यांनी माझ्या पोटाखाली जाळ केला तेव्हा कुठे मी खोकत सुरू झाले. शेवटच्या मुक्कामाला, दिवस मावळताना, गोटीरामनं बादली आणली. जन्मभराची सवय. पहाटे फुलं टवटवीत हवीत तर सांजेला पाणी मारायचं. त्यानं फुलांवर ओंजळीनं पाणी शिंपडलं, बारदान भिजवलं आणि पोराला पांघरूण घालावं तसं नीट दाबून घातलं. त्या थंडीत पाण्याचं काय होतं, हे नाशिकच्या माळ्याला कसं ठाऊक असणार!

सकाळी बारदान पत्र्यासारखं कडक झालं होतं. फुलं काचेची. ऊन लागलं तशी ती काळवंडून लोळागोळा झाली.

"मुद्दाम केलंत!" सरुबाई ओरडली. "हे लग्न नकोच होतं तुम्हाला. ते जमलं नाय, म्हणून फुलं मारली!"

गोटीरामनं बारदान पुन्हा करंडीवर ओढलं. मी सगळं पाहिलं होतं. पण मला नुसता हॉर्न दिलाय, जीभ नाही. त्या दिवसाइतका मला हॉर्नचा राग कधी आला नाही.

किरणच्या गावाच्या अलीकडचा पूल पावसाळ्यात वाहून गेला होता. ट्रकवाले म्हणाले, मागं फिरा. सरुबाईही म्हणाली, "चला मागं. रिकाम्या हातानं कुठं जायचं?" गोटीरामनं मला नदीच्या पात्रात घातलं. गोलगोल धोंडे, कडेला बर्फ, मधे धावतं पाणी. पाणी दारापर्यंत आलं आणि माझं मागचं चाक धोंड्यात फसून गरगरायला लागलं. गोटीराम त्या पाण्यात उतरला, हातांनी धोंडे सारले, चाकाखाली चपटे दगड रचले आणि परत स्टिअरिंगवर बसला. सरुबाईही लुगडं खोचून उतरली, रडत रडत तिनं मला ढकललं. मी सगळा जोर लावला आणि पलीकडे निघाले.

मांडवातून रोहित धावत आला. "फुलं मेली रे," सरुबाई त्याच्या गळ्यात पडली. "यांनी मारली."

गोटीराम उतरला नाही. इंजिन चालूच, हात स्टिअरिंगवर. मला परत वळवायला जागा बघत होता.

रोहितनं करंडीवरचं बारदान उचललं. नदीच्या उडालेल्या पाण्याचा बर्फ कडकड मोडला.

"आई, बाबांनी सांजेला पाणी मारलं होतं?"

"मारलं की. त्यानंच तर..."

"अगं, फेकायच्या फुलांवर बाबांनी कधी पाणी मारलंय का?"

सरुबाईचं रडणं थांबलं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. त्याची बोटं थंडीनं निळी पडली होती.

रोहित माझ्या दाराशी आला. "बाबा, गाडी बंद करा."

गोटीरामनं किल्ली फिरवली. करंडीच्या पोटातली थोडी फुलं वाचली होती. मांडवात बसून, त्या सुजलेल्या बोटांनी, त्यानं त्यांचा हार ओवला. आखूड झाला. पण रोहितनं तोच घातला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझे टायर बसलेत, बॅटरी उतरलीय आणि गोटीरामला लांबचं दिसत नाही. तिकडून नात फोनवर म्हणते, "दादाजी, गाडी लेके आओ ना." तो हसतो, मग माझ्या सीटवर येऊन बसतो आणि गिअर चाचपतो.

तुम्ही इथवर ऐकलंत, तर एवढं करा. चार माणसं आणा आणि मला धक्का मारा. उताराला लागले की मी सुरू होईन. आधी गोटीरामला आत बसवा, सरुबाईला त्याच्या शेजारी. आणि फुलं कोरडी भरा.