आमचा नळ, व्हाया मस्कत

“सर, खबर झूठी हो तो उसे फेक न्यूज़ बोलते हैं। और खबर सच्ची हो, फिर भी हटा दी जाए, तो उसे क्या बोलते हैं?”

एवढं बोलून नर्मदा उभीच राहिली. शाळेच्या हॉलमध्ये तीनशे पोरी, वर गरगरणारे सहा पंखे, स्टेजवर ‘इंटरनेट और ज़िम्मेदार विद्यार्थी’ असा बॅनर, आणि बॅनरपुढं पाण्याची बाटली तोंडाशी नेता नेता थबकलेले पाहुणे साहेब. तासभर ते बोलले होते. काय टाकू नये, काय पुढं पाठवू नये, कशावर विश्वास ठेवू नये. शेवटी “कोई सवाल?” म्हणाले, तेही पंगत उठताना ‘आणखी वाढू का’ विचारतात तसं. कोणी हो म्हणेल असं विचारणाऱ्यालाच वाटत नसतं.

पैज तिच्या मैत्रिणीनं, मीरानं लावली होती. “पूछ के दिखा! बड़े फुहारे के बाज़ार की खोवे की जलेबी, जितनी खा सके उतनी.” दुसरी मैत्रीण बेबी, तिनं त्यात भर घातली होती, “ही काय विचारते! हजेरीत प्रेझेंट म्हणते ते पहिल्या बाकापर्यंत जात नाही हिचं.” ते खरं होतं, पण गेल्या वर्षीचं. गेल्या वर्षी नर्मदा इतकं हळू बोलायची की वर्गात बसूनही तिची दोनदा गैरहजेरी लागली होती. यंदाची नर्मदा वेगळी होती, फक्त ते अजून सगळ्यांना कळलं नव्हतं.

साहेबांनी बाटलीचं झाकण सावकाश लावलं. “बेटा, नाम क्या है आपका?”

“नर्मदा रत्नाकर मेश्राम. ग्यारहवीं बी.”

“अच्छा. बैठिए.”

झालं. उत्तर नाहीच. मागच्या रांगेतून कोणीतरी “नर्मदे हर!” अशी आरोळी ठोकली आणि सगळा हॉल हसला. जबलपुरात ह्या नावाच्या मुलीला ही आरोळी जन्मभर पुरते, आणि नर्मदा आजवर ती ऐकून मान खाली घालत आली होती. आज तिनं मागं वळून चक्क हात हलवला.

आता हा प्रश्न आला कुठून, ते सांगायला हवं.

जबलपूरच्या रांझी भागापुढं, सरकारी फॅक्टरीच्या भिंतीला लागून त्रिरत्न कॉलनी आहे. निम्मी घरं नागपूर-भंडाऱ्याकडून आलेल्या फॅक्टरीवाल्यांची. नर्मदाचे बाबा, रत्नाकर, तिथंच लेथ मशीनवर. दिवाळीनंतर कॉलनीच्या नळाला पिवळं पाणी यायला लागलं. आधी लोक म्हणाले पाइप नवा असेल, मग म्हणाले टाकी धुतली असेल. मग एक्केचाळीस नंबरच्या पार्वताबाईंच्या नातवाला कावीळ झाली तेव्हा अर्ज गेला. पाण्याच्या ऑफिसातून एका ओळीचं उत्तर आलं की तपासात पाणी ठीक आढळलं.

“ठीक?” नर्मदा म्हणाली होती. “ह्यांनी कोणता नळ पाहिला?”

त्याच दिवशी तिनं, मीरानं आणि बेबीनं पेज उघडलं. नाव ‘आमचा नळ’. मीराला शेवटचं अक्षर काही केल्या म्हणता यायचं नाही, ती ‘आमचा नल’ म्हणायची, पण नाव तिलाच सगळ्यात जास्त आवडलं होतं. ठरलं असं की रोज सकाळी पहिल्या पाण्याचा एक ग्लास दारात ठेवायचा, शेजारी त्या दिवशीचा पेपर, म्हणजे तारीख दिसेल, आणि फोटो. पहिल्या दिवशी बारा घरांनी फोटो दिले. सगळे स्टीलच्या ग्लासांचे! स्टीलच्या ग्लासात पाणी पिवळं आहे का निळं, काही दिसेना. बेबी हसून हसून जमिनीवर बसली. मग नर्मदाच्या आईनं शोकेसचं दार उघडलं. लग्नात आलेले काचेचे सहा ग्लास, सोनेरी काठाचे, पाहुण्यांनाही विचार करूनच दिले जाणारे. त्यातला एक काढून तिनं नळाखाली धरला. दुसऱ्या दिवशी कॉलनीभरच्या शोकेसा उघडल्या. सोनेरी काठ, गुलाबाची फुलं, ‘शुभविवाह’ छापलेले, सगळे ग्लास दारात, आणि सगळ्यांत हळद कालवल्यासारखं पाणी. घर नंबर, तारीख, फोटो. खाली एखादी ओळ: ‘आजही वास.’ ‘डाळ शिजत नाही.’ ‘नातू दवाखान्यात.’

ऐंशी दिवस असं चाललं. मीराच्या फोनमध्ये कधी जागाच नसायची, म्हणून फोटो चढला की ती तो फोनमधून उडवायची. नर्मदाचा फोन आईचा जुना, त्याचंही तेच. सगळं होतं ते पेजवर.

एक्याऐंशीव्या दिवशी पेजवर फक्त एक ओळ दिसली. ‘हा मजकूर तुमच्या देशात उपलब्ध नाही. कायदेशीर विनंतीनुसार.’

कोणाची विनंती, कोणता कायदा, काहीच नाही. बेबी रडकुंडीला आली, “सगळं गेलं वं.”

आणि त्याच दुपारी नर्मदाच्या इंदूमावशीचा व्हॉइस मेसेज आला. इंदूमावशी मस्कतला नर्स आहे. तिचे मेसेज असे येतात की मागं इस्त्रीची वाफ ऐकू येते आणि ती एका दमात चार विषय बोलते. “नमू, ते एक्केचाळीस नंबरवाल्या बाईचं वाचून मला कसंतरी झालं, नातू बरा आहे का? आणि ताईला सांग ग्लास छान दिसतो, माझ्या लग्नात मला असे काहून नाही दिले म्हणावं.”

नर्मदानं मेसेज तीनदा ऐकला. मग ओरडली, “मावशीले दिसून राहिलं!”

म्हणजे रांझीचं पाणी मस्कतमध्ये दिसत होतं. रांझीत दिसत नव्हतं.

मावशीनं दोन दिवसांत सगळ्या ऐंशी दिवसांचे स्क्रीनशॉट काढून पाठवले, ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत, चहा थंड करून. नर्मदानं पहिले दहा कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. अर्ध्या तासात ग्रुपला कुलूप लागलं, आता फक्त अॅडमिनच लिहू शकणार. अॅडमिन काका दारात भेटले तेव्हा चप्पल शोधत असल्यासारखं खाली पाहून म्हणाले, “फोन आला होता बेटा मला. समज जा.”

म्हणून हॉलमधला तो प्रश्न. आणि म्हणून शाळा सुटल्यावर जिलबी राहिली बाजूला, तिघी थेट कॉलनीच्या बुद्धविहारात गेल्या.

विहाराच्या व्हरांड्यात एक मोठा काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी गुलाबराव आजोबा, फॅक्टरीतून रिटायर होऊन पंधरा वर्षं झालेले, सुंदर अक्षरात एक वचन लिहितात आणि खाली कॉलनीच्या सूचना, म्हणजे कोणाचं लग्न, कोणाच्या मयतीनंतरचं पुण्यानुमोदन, हरवलेली किल्ली. येणारा-जाणारा थांबून वाचतो. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारचा वाचून दाखवतो, ही इथली जुनी रीत.

“आजोबा, फळा पाहिजे.”

“कितीसा?”

“सगळा.”

आजोबांनी चष्म्यावरून तिघींकडे पाहिलं. मीराच्या हातातला फोन, बेबीच्या हातातली वही, नर्मदाचा लालबुंद चेहरा. “वचन राहू दे वरती,” ते म्हणाले, “बाकी घे. आणि अक्षर सरळ काढ. तुमचं पेज झाकणाऱ्यांनी फळ्यावर बंदी आणायची तर आधी फळा कोणत्या देशात आहे ते शोधावं लागेल त्यांना.”

मीरा वाचत गेली, बेबी चुका काढत गेली, नर्मदा लिहीत गेली. एका घराची एक ओळ: तारीख, घर नंबर, पाणी कसं. संध्याकाळी वंदनेला आलेले लोक वंदना झाल्यावर घरी गेलेच नाहीत. फळ्यापुढं उभे. “अरे, हे तर मी लिहिलं होतं!” “माझी ओळ कुठे आहे?” “छत्तीस नंबर, तुमचं पाणी आमच्यापेक्षा पिवळं कसं हो?” “आमचं मनच निर्मळ ना, पाण्याचं काय घेऊन बसलात!”

सकाळी फळा पुसलेला होता. ओल्या कापडानं, वचनासकट. गुलाबराव आजोबांनी आधी वचन लिहिलं, मग खडूची पेटीच नर्मदाकडं सरकवली. तिनं शाळेच्या आधी पुन्हा सगळं लिहिलं. ह्या वेळी एक्केचाळीस नंबरच्या पार्वताबाई पुढं आल्या. साक्षरता वर्गात त्या फक्त नाव लिहायला शिकल्या होत्या, तेवढंच येतं त्यांना.

“माझी ओळ कोणती वं?”

“ही, आजी.”

पार्वताबाईंनी नर्मदाच्या हातातून खडू घेतला आणि त्या ओळीपुढं, एकेक अक्षर दाबून, आपलं नाव लिहिलं. “पार्वताबाई. आता पुसा म्हणा.” मग छत्तीसवाले आले. मग बारा नंबर. शाळेची घंटा चुकली ती चुकलीच, पण फळ्यावर सत्तावीस नावं झाली.

नर्मदाचं नव्हतं. लिहिण्याच्या नादात ते तिच्या लक्षातच आलं नाही.

त्या संध्याकाळी बाबा उशिरा आले नाहीत, उलट लवकर आले. हे वाईट लक्षण होतं. टिफिनच्या पिशवीतून त्यांनी घडी केलेला कागद काढला. लोणच्याच्या तेलाचा एक डाग कोपऱ्यात पसरला होता.

“फॅक्टरीतल्या मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं,” ते कॉटवर बसत म्हणाले. “म्हणाले, वो सवाल पूछने वाली लड़की आपकी है? मी म्हटलं, आहे. म्हणाले, होशियार है. आणि हा कागद दिला.”

कागद टाइप केलेला होता, खाली सहीसाठी जागा. नर्मदानं मोठ्यानं वाचला. “मैं स्वीकार करती हूँ कि मेरे द्वारा डाली गई समस्त तस्वीरें एवं टिप्पणियाँ भ्रामक थीं. मैं इसके लिए क्षमा माँगती हूँ.”

“दोनच ओळी आहेत बेटा,” बाबा म्हणाले. “सही कर, उद्या मी देऊन टाकतो, विषय संपला. पुढच्या महिन्यात माझी प्रमोशनची लिस्ट आहे. नाहीतर इटारसीच्या फॅक्टरीत बदली झाली तर तुझी शाळा, आईचं शिवणकाम, सगळंच...”

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली, हाताला कणीक. “भ्रामक म्हणजे?”

“खोटं, आई. लोकांना फसवणारं.”

“म्हणजे माझा ग्लास खोटा?”

“लता, तू आता नको सुरू होऊ,” बाबा म्हणाले.

“नाही, विचारून राहिली फक्त.” आई शोकेसकडं गेली. आज सकाळचा ग्लास तिनं रिकामा केला नव्हता. तो तिनं आणून बाबांच्या पुढं, कागदाच्या शेजारी ठेवला. दिवसभरात तळाशी गाळ बसला होता, सोनेरी काठाखाली बोटभर. बाबा त्याच्याकडं बघत राहिले. लेथवर चाळीस मायक्रॉनची चूक नजरेनं पकडणारा माणूस, त्याला हा गाळ दिसत नव्हता असं नाही.

“मला माहीत आहे पाणी कसं आहे,” ते हळूच म्हणाले. “मी पण तेच पितो. पण नमू, ते मोठे लोक आहेत. आपण कोण?”

नर्मदानं कागद पुन्हा वाचला. काल हॉलमध्ये तिच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नव्हतं ना? ते आज आलं होतं, घडी घालून, टिफिनच्या पिशवीतून. खरी गोष्ट काढून टाकली की तिला काय म्हणतात, तर हे म्हणतात. भ्रामक. फक्त ते स्वतः म्हणत नाहीत, तुझ्याकडून म्हणवून घेतात. आणि तिनं खाली सही केली की एकटी ती खोटी ठरणार नव्हती. आईचा ग्लास खोटा. छत्तीस नंबर खोटा. पार्वताबाईंना येणारी एकुलती एक गोष्ट, दाबून दाबून लिहिलेली, तीही खोटी. आणि नातवाची कावीळ? ती काय मस्कतमध्ये झाली होती?

भीती वाटत होती. इटारसी हे नाव ऐकून तर खूपच. पण काल हॉलमध्येही वाटली होती आणि तरी हात हलला होता, हे तिला आता ठाऊक झालं होतं. ती उठली, दप्तरातून वही काढली. मधलं पान तिनं दुपारीच भरून ठेवलं होतं, इतिहासाच्या तासाला, मीराच्या मदतीनं.

“बाबा, आई, बसा दोघंही. आई, कणीक राहू दे. मी ठरवलं आहे.”

आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला असता, असा आला. शेजारच्या घरातला टीव्ही कोणीतरी बारीक केला.

“ह्या कागदावर मी सही करत नाही. बाबा, तुम्ही साहेबांना सांगा, पोरगी ऐकत नाही. ते खरंच आहे, तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही. उद्या सकाळी फळ्यावर सगळ्यांच्या खाली मी माझं नाव लिहिणार आहे, पूर्ण, अकरावी ब सकट. आणि शाळा सुटल्यावर पाण्याच्या ऑफिसात हा अर्ज द्यायला जाणार आहे. पेज कोणाच्या सांगण्यावरून बंद केलं आणि त्यातला कोणता फोटो खोटा निघाला, हे लेखी मागितलं आहे. अर्जासोबत हा ग्लास नेणार, आई, काठ सांभाळून नेईन. तुम्ही आलात तर मला बरं वाटेल. नाही आलात तरी मीरा अधारतालच्या घरून तिची बॅटरीची स्कूटी घेऊन येणार आहे, आणि बेबी मागं बसून ग्लास धरणार आहे.”