येण्याचं कडवं

आपल्या लोकांना कान नाहीत, असं त्या वर्षी मी दुकानात येईल त्याला ऐकवत असे. जळगावात माझं ग्रामोफोन आणि शिवणयंत्रांचं दुकान होतं आणि १९३६ साली पदरमोड करून मी एक तबकडी काढली होती. इतकी चांगली तबकडी माझ्या दुकानात तोवर आली नव्हती. आणि इतकी पडूनही कुठली राहिली नव्हती.

गाणारी भिकुबाई. अमळनेरकडच्या खेड्यातली, कपाशी वेचून पोट भरणारी, चाळिशीची बाई. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, एका रात्रीची पाहुणी, दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर तिची बोळवण. तिच्यापुढे गाणं धरायचा मान वीस वर्षं भिकुबाईचा होता. तिला मूलबाळ नव्हतं. वर्षभर तिला कुणी विचारत नसे, पण त्या एका दिवशी गावातल्या बाया तिला हाताला धरून पाटाजवळ नेत. तेवढ्यावर ती वर्ष काढी.

तिचं बोळवणीचं गाणं मी नदीवर लांबून ऐकलं, अर्धंमुर्धं, वाऱ्याबरोबर येईल तेवढं. तरी बोळवण संपेपर्यंत मी तिथून हललो नाही. हे विकणारच, असं मी तिथंच ठरवलं. तिच्या नवऱ्याची, सुकदेवची, समजूत घातली आणि दोघांना मुंबईला घेऊन गेलो.

अडचण वेळेची होती. तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांचं गाणं मावतं, आणि भिकुबाईचं गाणं संपता संपत नव्हतं. मी घड्याळ घेऊन बसायचो आणि तीन मिनिटं झाली की हात वर करायचो. दर वेळी शेवटचं एक कडवं राहून जाई. उरलेलं दुसऱ्या बाजूला घ्या, असं कंपनीचा माणूस म्हणाला. पण मला तिथं एक उडतं गाणं हवं होतं. गिऱ्हाइकाला दोन गाणी मिळायला नकोत?

भिकुबाईनं तेव्हा एकदाच तोंड उघडलं. “जीवरामभाऊ, येवानं कडवं राहिनं.” पहिली सगळी कडवी देवीला निरोप देणारी. शेवटचं तिला पुन्हा बोलावणारं. ते म्हणायचं नसेल तर हे गाणंच नको, असं तिचं म्हणणं. मी हसलो. ऐकणाऱ्याला काय कळतंय, ते कडवं तुम्ही घरी म्हणा, असं सांगितलं. माझा एवढा खर्च झालेला, नवरा शेतातलं काम टाकून आलेला. माझ्या भिडेखातर ती गायली.

आषाढात तबकडी आली. दुकानासमोर माणसं थांबत, डोळे पुसत, आणि चालू लागत. सुरुवातीला अकरा गेल्या, जामनेरला, सावद्याला, चोपड्याला, ग्रामोफोन बाळगणाऱ्या घरांत. पुढे एकही नाही. मी जाहिरात केली, दर उतरवला, शेवटी लोकांना नावं ठेवू लागलो.

कार्तिकात भिकुबाई दुकानात आली. तिनं सांगितलं तेव्हा मला कळलं. श्रावणात गावानं तिला गाणं धरू दिलं नव्हतं. मंजुळाबाई नावाच्या दुसरीला पाटाजवळ बसवलं आणि ही दाराशी उभी राहिली. बायांचं म्हणणं एवढंच होतं, “कानबाईले धाडी दिन्ही, आते बलाई कोन?” ज्या घरात ती तबकडी वाजेल, त्या घरातून देवी जाणार आणि तिला परत ये म्हणणारं कुणी नाही. असलं गाणं पैसे देऊन घरात कोण आणील?

मी दुसरी तबकडी काढू म्हणालो. ती नको म्हणाली. तिला फक्त अकरा घरांची नावं हवी होती.

माघात आम्ही निघालो, कधी मोटारीनं, कधी बैलगाडीनं. ती दारात उभी राही, पदर डोक्यावरून घेई आणि राहिलेलं कडवं म्हणे. पहिलं घर जामनेरचं. ते कडवं मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. अंगण सारवून ठेवलंय, तुझी वाट झाडून ठेवलीय, पुढल्या श्रावणात ये माय, एवढेच शब्द. पण वरची सगळी कडवी खाली उतरत जातात आणि इथं आवाज एकदम वर उचलतो. अख्खं गाणं या एका उचलीसाठी रचलेलं होतं, आणि मी नेमकं तेच कापलं होतं. तिथल्या ओसरीवर मला रडू फुटलं. कान कुणाला नव्हते ते मला कळलं.

शेवटचं घर चोपड्याचं, प्रमिलाबाईंचं. तबकडी वाजली त्यानंतर भादव्यात त्यांचा धाकटा मुलगा तापानं गेला होता. आम्हाला पाहून त्यांनी दार लावून घेतलं. परत जाऊ म्हटलं तर भिकुबाई हलेना. बंद दारासमोर उभी राहून तिनं कडवं शेवटपर्यंत म्हटलं. दार उघडलं नाही. 

पुढच्या आषाढात प्रमिलाबाईंचा गडी दुकानात आला. त्यांच्याकडे कानबाई बसणार होती, आणि गाणं भिकुबाईनंच धरावं असा निरोप होता. तिच्या गावानं अजून बोलावलं नव्हतं. मी तसाच उठलो आणि निरोप सांगायला ती कामाला जायची त्या शेतावर गेलो.

ती निंदत होती. हातातलं खुरपं खाली ठेवून तिनं सगळं ऐकून घेतलं.  मग माझ्याकडे पाहून तिनं हळूच विचारलं, “गानं आख्खं म्हनू देतीन ना, भाऊ?”

मला मान वर करवली नाही.