भरल्या टाकीत पडणारे पाणी

मित्रांनो, मी एक जुना पितळी बॉलकॉक आहे. पोलादपुरात डोंगराच्या पायथ्याशी एका घरामागे दगडी टाकी आहे, तिच्यात माझे आयुष्य गेले. माझी घडण मुंबईच्या एका कारखान्यातली. या घरचे धनी तिथे नोकरीला होते, त्यांनीच मला इथे आणून बसवले.

वरच्या झऱ्याचे पाणी नळीतून माझ्याकडे येते. टाकी भरली की माझ्या दांड्याचा तांब्याचा गोळा वर तरंगतो आणि मी तोंड मिटतो. मग झऱ्याचे उरलेले पाणी खालच्या वाडीतल्या दोणीत, म्हणजे दगडी कुंडीत जाते. सुरुवातीला लोक मला मुद्दाम बघायला येत. "हात लावायला नको, आपोआप बंद!" म्हणून कौतुक करत. पुढे धनी वारले आणि टाकीचे झाकण उघडून माझ्याकडे बघणारे कोणी उरले नाही.

सन तेहतीसच्या चैत्रात वाडीतली दोण कोरडी पडली. तिथली आवडी रिकामी कळशी घेऊन अंगणात आली.

"काकी, झरा अडवलाव काय?"

धन्यांच्या पत्नी राहीबाई ओसरीवरून उठल्याही नाहीत. "आम्ही कशाला अडवू? तुमच्यातल्याच कोणी नळीशी खेळ केला असेल."

तेव्हापासून सगळ्यांच्या नजरा बदलल्या. आवडीचा दीर भागोजी झऱ्याशी पाळत ठेवून बसू लागला. राहीबाईंनी टाकीभोवती काटे लावले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वाडीतली एकही बाई फिरकली नाही.

खरे कारण माझ्या पोटात होते. आतला चामड्याचा वायसर झिजून त्याला चर पडली होती. गोळा जीव तोडून वर रेटत होता, तरी माझे तोंड मिटत नव्हते. टाकी भरून वाहत होती आणि वाडीचे पाणी मागच्या केळींत जिरत होते. पण मला वाचा कुठली?

राहीबाईंची सून सरोज हिने केळींखालचा चिखल पाहिला. तिच्या मनात भलतेच आले. सासूबाईच तर चोरून केळींना पाणी सोडत नसतील? ती गुपचूप त्यांच्यावर नजर ठेवू लागली.

एके सकाळी भागोजी पहार घेऊन आला. "नळीच उपटून टाकतो!" पाठीमागे आवडी. राहीबाई वाटेत आडव्या आल्या.

"थांबा!" म्हणत सरोजने काटे बाजूला सारले आणि झाकण उचलले.

भागोजी वाकला. "टाकी तर भरलीय. मंग पानी अजून का पडतंय?"

सरोजने हात घालून गोळा वर दाबला. पाणी थांबेना. आवडीने तिच्या हातावर आपला हात ठेवून जोर लावला, तरी धार तशीच.

"ह्याच्या घशातच कायतरी हाय गो," आवडी म्हणाली.

भागोजीने झऱ्याशी नळीत बोळा कोंबला. आवडीने दांडा धरला आणि सरोजने धन्यांच्या पान्याने मला खोलले. वायसर तिच्या हातातच कुस्करला गेला. भागोजी मोटारीच्या अड्ड्यावरून जुन्या रबराचा तुकडा घेऊन आला. सरोजने तो मापाने कापून बसवला. बोळा काढला, गोळा वर आला, आणि किती दिवसांनी मी तोंड घट्ट मिटले. थोड्या वेळाने खालून हाक आली, "आलं गो पानी!"

राहीबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हीच..."

"आमाला बी तसंच वाटलं, काकी," आवडी म्हणाली.

सरोज मात्र खाली मान घालून चिखलाचे पाय धूत राहिली.

अजूनही भागोजी अधूनमधून येतो, झाकण उचलतो आणि मी नीट मिटलो आहे ना, ते बघतो. राहीबाईंना ते रुचत नाही. मला मात्र बरे वाटते. संशयाने का होईना, कोणीतरी माझ्याकडे बघते. मित्रांनो, तुमच्याही टाकीत माझा एखादा भाऊ असेल. त्याच्याकडे बघायला संशय येईपर्यंत थांबू नका.