शिट्टी वाजतेय तोवर

आपण आगीला भीत नाही असं सांगणारा फायरमन एक तर थापा मारतो, नाहीतर कालच भरती झालेला असतो. प्रज्योतची भीती मात्र आगीची नव्हतीच. मढच्या कोळीवाड्यातला हा दांडगा गडी, भर उधाणात बापाबरोबर होडी हाकलेला. तो टरकायचा एका शिट्टीला.

धुरात शिरताना फायरमन पाठीवर हवेचा सिलिंडर घेतात आणि तोंडावर मास्क चढवतात. हवा संपत आली की त्या सेटची शिट्टी आपोआप वाजू लागते. ती वाजली की हातातलं काम टाकून बाहेर पडायचं. हवा पार संपली की शिट्टीही बंद. गेल्या वर्षी मुलुंडच्या एका गोदामात छत खाली आलं आणि प्रज्योत वायरींच्या जंजाळात अडकला, तेव्हा ती त्याच्या कानाशी किंचाळत राहिली होती. त्याच्या जोडीदाराने, किरणने, त्याला ओढून बाहेर काढलं. खांद्याचं हाड जुळलं, ड्युटी सुरू झाली. शिट्टी तेवढी डोक्यातून जाईना.

आणि ती तर रोज सकाळी वाजायची. हजेरी झाली की प्रत्येकाने आपापला सेट तपासायचा, काटा बघायचा, शिट्टी वाजवून बघायची, हा स्टेशनचा नेम. नेमकं त्याच वेळी प्रज्योतला तोंड धुवायची आठवण व्हायची. किरण आधी त्याचा सेट तपासायचा आणि मग स्वतःचा.

"जा, धुऊन ये थोबाड," तो म्हणायचा. "एक दिवस गोरा होशील बघ."

स्टेशनच्या साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. दोस्तीखात्यातला मामला होता. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हीच तर गोची होती.

त्या दिवशी तपासणी चालू असतानाच कॉल आला. घाटकोपरच्या एका टॉवरमध्ये वायरींच्या डक्टला आग लागली होती. प्रज्योत ओल्या तोंडानेच गाडीवर चढला.

खाली अर्धी वस्ती माना वर करून उभी होती. लिफ्ट बंद. नवव्या मजल्यावर मालन आजी एकट्याच राहिल्यात, असं वॉचमन सांगत होता. साहेबांनी या दोघांना वर धाडलं. नवव्या मजल्यावर जिन्याच्या दाराशी मास्क चढवताना वॉकीटॉकीवर विचारणा झाली, "सेट बघितले?"

"ओके, साहेब," किरण म्हणाला. रोज म्हणायचा तसंच, काट्याकडे न बघता.

आत काळा मिट्ट धूर. भिंतीला हात लावून, गुडघ्यांवर रांगत दोघे पुढे सरकले. लोकांनी पॅसेजमध्ये चपलांचे रॅक मांडून ठेवले होते. प्रज्योतने मनातल्या मनात सगळ्या मजल्याला शिव्या हासडल्या. आजी पहिल्याच फ्लॅटच्या मोरीत सापडल्या. तोंडाला ओला पंचा, पण शुद्धीवर होत्या.

"तू यांना घेऊन हो पुढे," किरण ओरडला. "शेवटच्या फ्लॅटात कुणी नाही ना, बघून आलोच मी."

प्रज्योतने आजींना उचलून खालच्या मजल्यावर नेलं. तिथे जिन्यात थांबलेल्या रहिवाशांच्या हाती सोपवलं, मास्क वर केला आणि मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात वरून शिट्टी ऐकू आली.

प्रज्योतने कठडा घट्ट धरला. कशीबशी त्याने साहेबांना खबर दिली.

"दुसरी टीम जिना चढतेय," साहेब म्हणाले. "तू तिथेच थांब."

थांब. सरळ हुकूमच होता. थांबला असता तर कुणी त्याला भित्रा म्हटलं नसतं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. मग सहज त्याची नजर स्वतःच्या काट्यावर गेली. हवा अर्ध्याहून जास्त होती. दोघे एकदमच आत शिरले होते. मग किरणची शिट्टी आत्ताच कशी वाजली?

आणि सकाळ त्याच्या डोळ्यांपुढे आली. तोंड पुसत तो मोरीतून आला, तेव्हा किरण त्याचाच सेट खाली ठेवत होता. किरणचा सेट बाजूला तसाच पडला होता, कालच्या कॉलला वापरलेल्या सिलिंडरसकट. तेवढ्यात घंटा झाली होती.

म्हणजे किरणच्या वाट्याची तपासणी आपण खाल्ली. आपल्या थोबाड धुण्यापायी. प्रज्योतला स्वतःची अशी काही चीड आली की भीतीला क्षणभर जागाच उरली नाही.

"साहेब, त्याची हवा संपतेय. मी आत जातोय," एवढं बोलून त्याने मास्क ओढला.

क्षण सरला आणि भीती परत आलीच. आत शिट्टी भिंतींवर आपटून चारी बाजूंनी अंगावर येत होती. घाम डोळ्यांत उतरत होता. रांगता रांगता तो दोनदा थबकला, दोनदा स्वतःला आईवरून शिवी दिली आणि पुढे झाला. शेवटच्या दारापाशी पोचला, तेव्हा शिट्टीचा आवाज बारीक होऊ लागला होता.

वर्षभर जी बंद व्हावी म्हणून कानांत बोटं घातली, ती आता चालू राहावी म्हणून तो गयावया करू लागला. "वाज गं बाई. वाज. थांबू नको."

हात पुढे गेला तो किरणच्या बुटावर पडला. फ्लॅटचं फॉल्स सीलिंग कोसळलं होतं, वायरी सिलिंडरला गुंतल्या होत्या आणि किरण जीव खाऊन पुढे खेचत होता. मुलुंडला प्रज्योतनेही हेच केलं होतं. जितकं खेचावं तितका फास आवळतो.

"खेचू नको! मागे ये, माझ्याकडे ये!"

किरण मागे सरकला. वायरी सैल पडल्या. प्रज्योतने त्या चाचपत एकेक सोडवल्या. शेवटची सुटली आणि शिट्टी थांबली.

इतकी भयंकर शांतता त्याने कधी ऐकली नव्हती.

किरण मास्क ओरबाडू लागला. प्रज्योतने छाती भरून श्वास घेतला, स्वतःचा मास्क काढून त्याच्या तोंडावर दाबला, मग परत स्वतःच्या, मग परत त्याच्या. असं करत, एका हाताने त्याला फरफटत तो भिंतीच्या कडेने निघाला. चपलांचे रॅक एकामागून एक गुडघ्यांना लागत गेले. या खेपेला मात्र त्याने शिव्या दिल्या नाहीत. रॅक लागताहेत म्हणजे वाट बरोबर होती.

दाराशी दुसरी टीम भेटली. दोघांना उचलून खाली आणलं. किरण जिन्यात बसून खोकत होता, ओकत होता, पण जिवंत होता. प्रज्योत त्याच्या शेजारी कोसळला. एका सेटवर दोन माणसं जगली होती, हवा कितीशी उरणार? त्याच्या पाठीवरची शिट्टी कर्कश वाजू लागली.

डोळे पुरते उघडत नसतानाही किरणचा हात सवयीने प्रज्योतच्या सेटकडे गेला, शिट्टी बंद करायला.

प्रज्योतने तो धरला. "राहू दे," तो म्हणाला. "माझी मी ऐकतो."