गुडघ्यात नेमकं काय घातलं?

गुडघ्यांचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर होता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. मला वाटलं, बांधणाऱ्याची चूक असेल. माणूस म्हातारा झाला तरी भाबडा राहतो तो असा.

माझी धाकटी बहीण बॅडमिंटन शिकवते. एका उडीत तिच्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, फाटली. इथल्या डॉक्टरांनी स्टेम सेलची सुई दिली. "तुमच्याच पोटावरची चरबी, त्यातल्याच पेशी, कोरी करकरीत गादी!" गादी काही आली नाही, सूज मात्र इमानेइतबारे वाढली. आता मोठ्या रुग्णालयातले सर्जन ऑपरेशन करायला तयार होते, पण आधी गुडघ्यात काय घातलंय ते कळल्याशिवाय हात लावणार नव्हते. दवाखाना फोनवर नुसता गोड बोलायचा. म्हणून आम्ही चढलो. ती कठड्याला धरून, मी तिला धरून.

डॉक्टर खूश झाले. "वा! तीन मजले चढलात! सिस्टर, यांना सुधारलेल्यांत धरा."

"मी रडत चढलेय," बहीण म्हणाली.

"आणि ज्यांना चढताच येत नाही ते?" मी विचारलं.

"ते येतच नाहीत. बरा झालेला माणूस कशाला येईल?"

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. ओढायला.

"सुईत काय होतं तेवढं सांगा," बहीण म्हणाली.

"ते आमचं खास तंत्र आहे. बाहेर सांगत नाही."

"माझ्या गुडघ्यात आहे ते! मी बाहेरची?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. बहीण उठली आणि दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात पाय पसरून बसली. खालून एक काकू धापा टाकत येत होत्या.

"बसा काकू. वर सुई देतात, पण सुईत काय ते सांगत नाहीत."

"अगं बाई! मग देतात कशाला?" काकू टेकल्या. त्यांच्यामागचे काका टेकले. थोड्या वेळात जिना भरला आणि वरची वेटिंग रूम ओस पडली.

डॉक्टर धावत खाली आले. त्यांचे गुडघे उत्तम होते. वाकून बहिणीच्या कानात पुटपुटले.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "काकूंनाही गुडघे आहेत."

"रक्त होतं. तुमचंच. मशीनमध्ये फिरवलेलं."

"आणि पोटावरची चरबी काढलीत ती?"

"ती... टाकून दिली."

"दादा," बहीण म्हणाली, "मला धर, नाहीतर मी यांना धरीन."

मी धरलं. मनात नव्हतं. तिनं तिथूनच सर्जनना फोन लावला. "डॉक्टर, साधं रक्त होतं. बाकी सगळी जाहिरात." ऑपरेशनची तारीख ठरली.

"मग मी आता वर जाऊ की खाली?" काकूंनी विचारलं.

"खाली, काकू. दादाची दुसरी बाजू रिकामी आहे."

आणि आम्ही तिघं, सगळे मिळून साधारण अडीच धड गुडघ्यांवर, जिना उतरायला लागलो.